पिस्तूल अडलं की पोरांवर का ओरडता?

खंडेनवमीला आपण शस्त्रांना हळदकुंकू लावतो, झेंडूची फुलं वाहतो, फोटो काढतो. छान परंपरा आहे. पण वर्षातून एकदा पूजा आणि बाकीचे ३६४ दिवस साफसफाईच्या नावाने शिमगा, हे काही पटत नाही. पोस्ट थोडी लांब आहे, पण ज्यांची मुलं नेमबाजी शिकतात त्यांनी तरी पूर्ण वाचा.

राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून कांस्य आणलं. आता गावोगावचे पालक मुलांना रेंजवर आणतात. मीही दर रविवारी तिथे असतो. एक प्रकार वारंवार बघतो. पॉइंट टू-टूची गोळी उडत नाही, मुलगी गोंधळते आणि मागून कुणीतरी खेकसतं, "ट्रिगर नीट दाब ना!" अहो, तिने नीटच दाबलेला असतो.

आधी सुरक्षा. गोळी उडाली नाही तर पिस्तूल टार्गेटकडेच रोखलेलं ठेवायचं, बोट ट्रिगरवरून काढायचं, मोकळा हात वर करायचा आणि किमान ३० सेकंद थांबायचं. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर लगेच थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटू शकते. स्पर्धेत तर अधिकारी बघायच्या आधी खेळाडूने यंत्रणेला हात लावला की तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत. हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. आपण शिकवतो का?

मग कारण शोधायचं. त्यासाठी न उडालेलं काडतूस बघा. पॉइंट टू-टूत पेटणारा मसाला बुडाच्या काठात असतो आणि फायरिंग पिन त्या काठावरच आपटते. काठावर खूण खोल असेल तर बहुतेक वेळा काडतूस खराब. दुसऱ्या लॉटची काडतुसं लावून बघा. खूण पुसट असेल तर संशय पिस्तुलावर: पिन झिजली असेल, स्प्रिंग थकली असेल, नाहीतर चेंबरमध्ये घाण असेल. घाणीमुळे काडतूस पूर्ण आत बसत नाही, पिनचा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो आणि मसाला पेटत नाही.

ही घाण येते कुठून? या गोळ्या शिशाच्या, वरून मेणासारखं वंगण. ते मेण आणि जळलेल्या दारूची काजळी मिळून चेंबरमध्ये आणि एक्स्ट्रॅक्टरखाली थर बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यात गंजाची भर.

सफाईला रॉकेट सायन्स लागत नाही. मॅगझीन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या टेबलावर. चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टर ब्रशने साफ करा. नळी शक्यतो चेंबरच्या बाजूने पुसा. शेवटी तेलाचा एखादा थेंब, तोही पुस्तिकेत सांगितलं असेल तिथेच. फायरिंग पिनच्या खोबणीत तेल ओतू नका, ते चिकट होऊन पुन्हा मिसफायर सुरू होतो. पिन-स्प्रिंग बदलणं मात्र घरचं काम नाही. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो.

आता मुद्द्यावर येतो. टोकियोत २०२१ ला मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली. ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी फक्त २ गुणांनी हुकली. तीच मनू पॅरिसहून २ कांस्यपदकं घेऊन आली. म्हणजे दोष खेळाडूत नव्हता. ऑलिंपिकला हे होतं, तर आपल्या जिल्ह्यातल्या पाच जणांत फिरणाऱ्या क्लबच्या पिस्तुलाचं काय होत असेल?

आपल्याकडे उद्घाटनाला पैसा निघतो, फ्लेक्सला निघतो, नव्या टार्गेट मशीनलाही निघतो. देखभालीचा विषय काढला की सगळे एकमेकांकडे बघतात. माझं मागणं साधं आहे. प्रत्येक पिस्तुलाची एक वही ठेवा: किती गोळ्या झाडल्या, कधी साफ केलं, काय बिघडलं, काडतुसांचा लॉट कुठला. दोन-तीन जिल्ह्यांनी मिळून एक जाणकार आर्मरर ठरवावा, त्याने महिन्यातून एकदा फेरी मारावी. आणि मुलाच्या हातात पिस्तूल देण्याआधी मिसफायर झाल्यावर काय करायचं याची तालीम घ्या.

पालकांनो, फी भरताना पदकं किती आली हे विचारता, तसं "ती वही दाखवा" असंही विचारा. वही नसेल तर इथे कमेंटमध्ये लिहा. क्लबचं नाव नको, जिल्हा सांगितला तरी पुरे. यादी झाली की आपण सगळे मिळून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना भेटू.