धसका घेतलेलीं लेंकरें आणि त्यांचे सांभाळकर्ते

जून लागला कीं वसतिगृहें, आश्रमशाळा व बालगृहें पुन्हां भरूं लागतात. उसाच्या फडावरून, वीटभट्टीवरून, पारध्यांच्या पालांवरून लेंकरें हातांत एक पिशवी घेऊन तेथें येतात. त्यांचा सांभाळ करणारे कोणी परके नव्हेत. शेतकऱ्याचा मुलगा अधीक्षक असतो, कुंभाराची सून स्वयंपाकीण असते, सुताराचा भाऊ रात्रीचा पहारेकरी असतो. म्हणून, वाचकहो, आजचे चार शब्द सरकारास नव्हेत, तुमच्या घरांतील या माणसांस आहेत.

काष्टीच्या बाजारांतून आणलेला खोंड पहिल्या धन्याचा मार खाल्लेला असला, तर हात वर होतांच तो बिचकतो, दावें तोडूं पाहतो. शहाणा शेतकरी अशा जनावरास पहिल्या दिवशींच औताला जुंपीत नाहीं. पुढ्यांत वैरण टाकतो, बाजूनें उभा राहतो, हाताचा वास घेऊं देतो. जनावरापुरतें हें शहाणपण आपणांस आहे. पण मार, उपासमार, आईबापांचा वियोग किंवा त्याहून ओंगळ प्रसंग सोसून आलेलें पोर रात्रीं अंथरूण ओलें करतें, उशाखालीं भाकरीचा तुकडा दडवितें, हांकेस ओ देत नाहीं. तेव्हां घाणेरडें, चोर, मुजोर अशीं तीन नांवें ठेवून आपण मोकळे होतों! अहो, भाकरी दडविणारें पोर उद्यांची भूक आठवीत असतें. हा धसका मोठेपणींही सुटत नाहीं. बालपणीं असे घाव जितके अधिक, तितकीं पुढें हृदयरोगापासून व्यसनापर्यंतचीं दुखणीं अधिक, असें फेलिटी, अंडा आदि अमेरिकन डॉक्टरांनीं १९९८ सालीं नऊ हजारांहून अधिक माणसांची विचारपूस करून दाखविलें.

दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आपलीच चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत पारधी समाजाचा एक मुलगा होता. खाकी कपड्यांतला एक मनुष्य कामानिमित्त शाळेंत आला, तसा हा बाकाखालीं शिरला. पोरें हंसलीं. आम्हीं कान धरून त्यास बाहेर ओढलें आणि सर्वांदेखत विचारलें, "कशाला भितोस रे? काय चोरलंस?" पुढें आठ दिवस तो आला नाहीं. आम्ही पालावर गेलों, तेव्हां त्याची आजी एवढेंच म्हणाली, "गुरुजी, रातच्याला ब्याटऱ्या चमकल्या. त्याच्या म्होरंच त्याच्या बापाला धरून नेलं."

अध्यापक विद्यालयांत आम्हांस पाठाचें टांचण काढावयास शिकविलें होतें. भ्यालेल्या मुलापुढें उभें कसें राहावें हें शिकविलें नव्हतें. पण ही सबब पुरत नाहीं. इंग्रज सरकारनें १८७१ सालापासून गुन्हेगार जमातींचा कायदा करून कित्येक जमातींवर जन्मतःच शिक्का मारला. पुढें पारधीही त्यांत आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो शिक्का पुसला गेला. आम्हीं तो भर वर्गांत एका पोराच्या कपाळीं पुन्हां उमटविला.

कायदा करणाऱ्यांस ही गोष्ट उमगली आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें मुलाचा जबाब घेतांना पोलीस अधिकाऱ्यानें गणवेश घालावयाचा नाहीं. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानें संस्थेंत शिस्तीच्या नांवाखालीं मुलास मारणें हा गुन्हा ठरविला. पहिल्या वेळीं दहा हजार रुपये दंड. परंतु कान धरणारा हात कायद्याचें पुस्तक उघडून पाहत नाहीं.

पुस्तक नसतांनाही ज्यांस हें कळलें होतें, त्यांचीं नांवें आपण घेतों. जोतीराव व सावित्रीबाईंनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवेनें तेथें यावें, बाळंत व्हावें. तिची गुप्तता राखली जाई. काशीबाई नांवाच्या विधवेचें मूल या दांपत्यानें दत्तक घेतलें. तोच यशवंत डॉक्टर होऊन १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंबरोबर रोग्यांच्या सेवेस उभा राहिला. आधीं आसरा, मग विचारपूस, असा तेथला क्रम होता. आपल्याकडे नवें पोर दारांत आलें कीं अधीक्षक विचारतो, मग लिपिक, मग शेजारची बाई, आणि प्रत्येकापुढें त्यानें आपली जखम उघडी करावयाची!

आतां सेवकांची बाजू. नोकरीच्या पहिल्या वर्षीं प्रत्येकजण कळवळ्यानें वागतो. तिसऱ्या वर्षीं आवाज चढतो. हा दुष्टपणा नव्हे, थकवा आहे. नेमणूक कंत्राटी, रात्रीची झोप नाहीं, पोरें पुष्कळ, आणि त्यांचें दुःख ऐकून घरीं जातांना तें उतरवून ठेवावयास जागा नाहीं. अधीक्षकानें स्वयंपाकिणीवर खेंकसावें आणि तिनें मात्र पोराशीं गोड बोलावें, हें कसें घडावें? म्हणून कळवळ्याची उजळणी दरसाल करावी लागते, जशी पेरणीपूर्वीं पाभरीची डागडुजी.

आमची मागणी लहान आहे. मुलें येण्यापूर्वीं एक दिवस आणि पुढें दर आठवड्यास एक तास, अधीक्षकापासून पहारेकऱ्यापर्यंत सर्वांनीं हजेरीपट बाजूस ठेवून एकत्र बसावें. कोणतें पोर कशानें दचकतें, काय केलें म्हणजे शांत होतें, कोणाच्या हातून जेवतें, हें एकमेकांस सांगावें. त्याची कहाणी मात्र चघळूं नये. ज्याच्यापाशीं पोर बोलतें, त्याची पाळी वरचेवर बदलूं नये. दवाखान्यांत किंवा समितीपुढें न्यावयाचें तर आदल्या दिवशीं त्यास सांगावें. आणि आज आपला तोल जाईल असें वाटलें, तर सेवकानें तसें मोकळेपणीं म्हणावें व दुसऱ्यानें त्याची जागा घ्यावी. त्याबद्दल कोणीं त्यास हिणवूं नये. गांवोगांवच्या बाल संरक्षण समित्यांनीं ही बैठक झाली कीं नाहीं, एवढें जूनच्या पंधरवड्यांत जाऊन विचारावें.