व्यासपीठ आणि बैठक : मराठीच्या अभ्यासकांच्या संपर्कव्यवहाराविषयी

आडवळणाच्या गावी शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला व्यासपीठ मिळत नाही, ही तक्रार मराठवाड्यात दीर्घकाळ केली गेली आणि ती खोटी नव्हती. पुण्या-मुंबईच्या नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखाचे काय झाले, हे कळण्यासही तेथे ओळखीचे कोणी असावे लागे. आज या तक्रारीला फारसा आधार उरलेला नाही. देगलूरचा किंवा निलंग्याचा अध्यापक आपले टिपण सायंकाळी फेसबुकवर प्रसिद्ध करू शकतो, शोधनिबंध अकॅडेमिया किंवा रिसर्चगेट यांसारख्या स्थळांवर ठेवू शकतो आणि त्याचे दुवे व्हॉट्सॲपच्या पाच-सात गटांत पाठवू शकतो. व्यासपीठे उदंड झाली आहेत. उणीव आहे ती बैठकीची. व्यासपीठावरून एकाने बोलायचे आणि अनेकांनी ऐकायचे असते. बैठकीत बोलणाऱ्याला अडवता येते, त्याच्याकडे पुरावा मागता येतो, आणि मागच्या खेपेला अर्धवट राहिलेला मुद्दा पुढच्या खेपेला तेथूनच उचलता येतो. ज्ञानव्यवहार प्रामुख्याने बैठकीत घडतो. व्यासपीठावर त्याची वार्ता दिली जाते.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लातूर-नांदेड परिसराच्या बोलीत ‘काय करायलास’, ‘जायलालो’, ‘येलालाव’ यांसारखी चालू वर्तमानकाळाची रूपे सर्रास कानी पडतात. मराठीच्या वर्गात बसलेले विद्यार्थी घरी हीच रूपे वापरतात आणि उत्तरपत्रिकेत ती टाळतात. या रूपांच्या सीमा कोठे आहेत, एक रूप कोणत्या गावापाशी संपून दुसरे सुरू होते, उदगीर-निलंग्याकडे कन्नडच्या आणि देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगूच्या सान्निध्याने त्यांत काही पालट होतो काय, माहूर-किनवटच्या बाजूला गोंडी, कोलामी आणि गोरबोली यांच्या शेजारात त्यांचे काय होते, हे प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. एकट्या संशोधकाने आयुष्य खर्चले तरी ते पुरे सुटणार नाहीत. मात्र या सर्व तालुक्यांत महाविद्यालये आहेत, त्यांतील बहुतेकांत मराठी शिकवले जाते आणि प्रत्येक वर्गात आसपासच्या गावांतून आलेली मुले बसतात. पंधरा-वीस अध्यापकांनी एकाच पद्धतीने नोंदी करण्याचे ठरवले, तर दोन वर्षांत एक विश्वसनीय नकाशा तयार होऊ शकेल.

हाच प्रश्न फेसबुकवर विचारला तर काय घडते? शेकडो लोकांना तो आवडतो. ‘आमच्याकडेही असेच म्हणतात’ असे अनेकजण लिहितात. ‘आमच्याकडे’ म्हणजे कोठे, हे क्वचितच कोणी लिहितो. कोणाला आजी आठवते, कोणी प्रमाणभाषेच्या नावाने बोटे मोडतो, एखादा वाद जुंपतो. चार दिवसांत सगळे खाली सरकते आणि पुन्हा सापडत नाही. दोन वर्षांनी दुसरा एखादा विद्यार्थी तोच प्रश्न त्याच उत्साहाने पुन्हा विचारतो. यात लोकांचा दोष नाही. ती जागाच मुळी थांबण्यासाठी नाही. तेथे जे हलते तेच दिसते आणि जे भांडण लावते ते अधिक हलते. संशोधनाला लागणारी नोंद, म्हणजे गाव, बोलणाऱ्याचे वय, घरची भाषा, नोंदीचा दिवस, ही अत्यंत कंटाळवाणी गोष्ट आहे. तिला टाळ्या मिळत नाहीत. तिला टाळ्या नकोही असतात. तिला शेजारच्या तालुक्यातून आलेली दुसरी नोंद हवी असते.

विशाल माध्यमांची उपयुक्तता नाकारण्याचे येथे कारण नाही. २०२०च्या टाळेबंदीत महाविद्यालये ओस पडली, तेव्हा दूरस्थ व्याख्यानांनीच अनेक विभाग जागते ठेवले. खेड्यातील विद्यार्थ्याला नामवंत समीक्षक प्रथम ऐकायला मिळाले तेही याच काळात. परंतु गट वाढला म्हणजे संवाद वाढतो, या समजुतीला अनुभवाचा आधार नाही. व्हॉट्सॲपच्या एका गटात पूर्वी २५६ सदस्य घेता येत. २०२२मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि नंतर १०२४ झाली. मराठीच्या अध्यापकांचे असे भरगच्च गट पाहिले तर वाढदिवस, निधनवार्ता, चर्चासत्राची पत्रके, प्रमाणपत्रांची छायाचित्रे आणि त्यांखालील अभिनंदनांची रांग यांनीच त्यांचा बहुतेक अवकाश भरलेला दिसतो. ‘अभिनंदन’ हीच आज मराठी समीक्षेतील सर्वाधिक वापरली जाणारी संज्ञा ठरावी. सर्वांसमक्ष असहमती नोंदवणे म्हणजे वैर पत्करणे, अशी स्थिती हजार माणसांच्या गटात निर्माण होते आणि जाणता माणूस गप्प राहणे पसंत करतो.

मोजक्या, अधिकारी वाचकासाठी लिहिलेला मजकूर किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण नांदेडातच आहे. नरहर कुरुंदकर यांनी रणजित देसाई यांना शिवचरित्राविषयी जे प्रदीर्घ पत्र लिहिले, ते पुढे ‘श्रीमान योगी’ या कादंबरीची प्रस्तावना म्हणून प्रसिद्ध झाले. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयातील एका अध्यापकाने कोवाडच्या एका कादंबरीकाराला लिहिलेले ते पत्र होय. ते लिहिताना जनसमुदाय समोर नव्हता. समोर होता तो नेमकी अडचण असलेला एक लेखक. म्हणून त्या लेखनात साधनांची चिकित्सा आहे, पर्यायांचा विचार आहे आणि समोरच्याला न पटणारे सांगण्याची मोकळीकही आहे. पन्नासहून अधिक वर्षे ते वाचले जात आहे, आणि कादंबरी न आवडणारेही ते वाचतात. हा मजकूर प्रथम जाहीर सभेत मांडला गेला असता तर त्याचे व्याख्यान झाले असते. उत्तम व्याख्यान झाले असते, कारण कुरुंदकर वक्तेही मोठेच होते, पण ती प्रस्तावना झाली नसती.

वाङ्मयीन व्यवहाराला हे दोन्ही प्रकार नवे नाहीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९८५मध्ये शंकर पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नांदेडला भरले. ९५वे संमेलन एप्रिल २०२२मध्ये भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे झाले. अशा मेळाव्यांत ग्रंथविक्री होते, सामान्य वाचकाला लेखक दिसतो, गावाला काही दिवस साहित्याचा ज्वर चढतो. हे सर्व हवेच. परंतु संमेलनाच्या मंडपात कोणी हस्तलिखिताचा पाठ तपासत नाही. याच्या दुसऱ्या टोकाला गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ आहे. १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत सुरू झालेल्या या नियतकालिकाने आपले क्षेत्र जाणीवपूर्वक मर्यादित ठेवले. दलित साहित्याचे लेखक, वाचक आणि समीक्षक तेथे एकमेकांना ओळखू लागले, एकमेकांना उत्तरे देऊ लागले, त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांत समोरासमोर येऊ लागले. जे क्षेत्र तेव्हा अनेकांना आकुंचित वाटले, ते पुढे विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत आले. सर्वांसाठी असलेल्या एखाद्या मासिकाचा कोपरा मिळण्याची वाट पाहिली गेली असती, तर हे इतक्या लवकर घडले नसते.

लहान वर्तुळ म्हणजे कंपू, हा आक्षेप मात्र गंभीरपणे घेतला पाहिजे. १९६९मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, त्यामागे दार बंद असल्याची भावना होती आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणवत नाही. मराठवाड्यात तर जात, संस्थाचालक आणि मार्गदर्शकाचे घराणे यांवरून अशी वर्तुळे सहज आखली जातात. यावर उपाय एकच दिसतो : प्रवेश ओळखीवर नसावा, कामावर असावा. ज्याने एक नोंद केली, एक ग्रंथसूची तपासली, एका दाव्याला पुराव्यानिशी उत्तर दिले, तो सदस्य. पद, पदवी, संस्था यांचा तेथे विचार होऊ नये. विशाल माध्यमांवर दार सताड उघडे असते हे खरे; पण आत शिरल्यावर कोणी कोणाला ओळखत नाही, ही त्या उघडेपणाची किंमत आहे.

या प्रश्नाला आता एक तातडीची बाजू आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी आधी फुगली, मग मे २०१८मध्ये तीतून ४३०५ नियतकालिके एकदम वगळली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘केअर’ यादीची घोषणा झाली. पुढे सहा-सात वर्षे मराठीतील चांगले संशोधन कोणते, हे ठरवण्याचे काम जवळजवळ त्या यादीवर सोपवले गेले. यादीत शिरण्यासाठी आणि यादीतील अंकात छापून येण्यासाठी काय काय घडले, हे महाविद्यालयीन अध्यापकांना सांगण्याची गरज नाही. ३ ऑक्टोबर २०२४च्या बैठकीत आयोगाने ही यादी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो जाहीर केला. (मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला तो याच दिवशी. एकाच तारखेला भाषेचा गौरव झाला आणि तिच्या संशोधनाची पारख अभ्यासकांकडे परत आली, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.) आता नियतकालिकाची गुणवत्ता ठरवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर आहे. ज्या विषयात एकमेकांचे लेखन वाचून निर्भीड अभिप्राय देणारा समुदायच नाही, त्या विषयात ही जबाबदारी कोण पार पाडणार? मग आयएसएसएन क्रमांक पाहिला जाईल, नाहीतर डाउनलोडची संख्या.

असा समुदाय परक्या घरात बांधता येत नाही, हेही आता अनुभवाने कळले आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहू ग्रुप्स २०२०च्या अखेरीस संपले आणि त्यावर वर्षानुवर्षे साठलेला मजकूर त्याआधीच काढून टाकण्यात आला होता. उलट १९९६मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ हे तुलनेने लहानसे मराठी संकेतस्थळ या दोहोंनंतरही चालू आहे. अर्थात लहान उपक्रमही मरतात, आणि बहुधा एका संपादकाच्या थकव्याने मरतात. म्हणून तो व्यक्तीच्या खांद्यावर न ठेवता संस्थेच्या आश्रयाला ठेवणे इष्ट. १९९४मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. विष्णुपुरीचे संकुल आणि लातूरचे उपकेंद्र यांना जोडून मराठीच्या अभ्यासकांचे असे एक स्वतंत्र, छोटे दालन इंटरनेटवर चालवणे खर्चाच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड आहे ते नियमितपणे प्रश्न घेणे, उत्तरे तपासणे आणि वर्षाकाठी निवडक मजकूर कागदावर छापणे. मजकूर युनिकोडमध्ये असावा, हे वेगळे सांगण्याचे कारण असे की श्रीलिपी-आकृतीच्या जुन्या टंकांत अक्षरजुळणी झालेल्या लेखांच्या फायली आज उघडल्या तर पुष्कळदा अगम्य चिन्हांखेरीज काही दिसत नाही. फेसबुक आणि व्हॉट्सॲप यांचा वापर दवंडीपुरता करावा : अमुक प्रश्न घेतला आहे, उत्तरे तेथे द्यावीत.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणाचे ध्वनिमुद्रित नमुने सर्वांना खुले केले आहेत. नांदेड-लातूरच्या बैठकीला आरंभीचे काम त्यातूनच मिळू शकेल. या दोन जिल्ह्यांतील नमुने वर्गात ऐकवावेत आणि ‘आमच्या गावात असे म्हणत नाहीत’ असे जो विद्यार्थी म्हणेल, त्याच्या गावाचे नाव प्रथम लिहून घ्यावे.