कट्ट्याला पडताळणी नाही, तुम्हाला आहे

जळगाव किंवा धुळ्याचे वर्तमानपत्र महिनाभर चाळा. ‘गावठी कट्टा आणि जिवंत काडतुसांसह तरुण जेरबंद’ ही बातमी कुठे ना कुठे सापडतेच. नाव कधी आपल्या मोहल्ल्यातले असते, कधी शेजारच्या वस्तीतले. वय अनेकदा तुमच्याएवढेच. फोटो त्या तरुणाचा छापतात, कट्टा विकणाऱ्याचा क्वचितच. म्हणून आज मला त्या खरेदी-विक्रीबद्दल बोलायचे आहे.

आपला शस्त्रकायदा ढिला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आपल्या दोन्ही जिल्ह्यांत परवाना जिल्हाधिकारी देतात, तोही पोलिसांचा अहवाल मागवून. अर्जदाराला २१ वर्षे पूर्ण हवीत. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर ती भोगून झाल्यावरही पाच वर्षे बंदी राहते. खासगी विक्रीलाही चाळणी आहे. परवानाधारकाला आपली बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला विकायची असेल, तर कलम ५ प्रमाणे घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. अमेरिकेत याच मुद्द्यावर अजून वाद चालू आहे. तिथे दुकानदाराला गिऱ्हाइकाची पूर्वतपासणी करावी लागते, पण खासगी विक्रेत्याला केंद्रीय कायदा सूट देतो. ती सूट कमी करणारी दुरुस्ती २०१३ मध्ये सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही पडली, कारण ६० लागत होती.

कागदावर आपण त्यांच्या पुढे आहोत. पण खानदेशात फिरणारा कट्टा या कागदाच्या वाटेने येतच नाही. चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात उमर्टी आहे. तिथल्या भट्ट्यांवर बनलेली पिस्तुले सातपुडा उतरून आपल्याकडे येतात आणि पुढे पुण्यापर्यंत जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पथकातील एका पोलिसाला पळवून नेण्यात आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी मोठा फौजफाटा नेऊन तिथे छापा घातला. या धंद्यात शिकलगर समाजाचे नाव घेतले जाते. पण काही जणांच्या गुन्ह्यासाठी अख्खी जमात बदनाम होते तेव्हा काय वाटते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

कट्टा विकणारा तुम्हाला काय विचारतो? फक्त पैसे आहेत का, एवढेच. वय विचारत नाही, काल कोणाशी भांडण झाले हे विचारत नाही. पडताळणी नंतर सुरू होते, आणि ती तुमची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षे आहे. खटला न्यायालयात असेपर्यंत पासपोर्ट नाकारला जाऊ शकतो, म्हणजे आखातातली नोकरी गेली. पोलीस भरतीत आणि सरकारी नोकरीत चारित्र्य पडताळणी आडवी येते. कमरेला कट्टा लावून केलेली पंधरा सेकंदांची रील पोलिसांसाठी आयता पुरावा ठरते.

बैठकीत नौजवान विचारतात, “भाई, वेळ आली तर आपल्याला कोण वाचवणार?” हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात पोलीस गोळीबारात सहा जण गेले. ज्या शहराने ते पाहिले, तिथे पोलिसांवर भरवसा ठेवा असे नुसते सांगून चालत नाही. पण तेव्हा काय उपयोगी पडले, तेही आठवा. तोडफोड आणि लूट करताना दिसलेल्या काही पोलिसांना नंतर अटक झाली, ती मोबाइलवर टिपलेल्या चित्रफितींमुळे. एका कट्ट्याने तेव्हा कोणाचा जीव वाचला नसता. उलट तो सापडला असता, तर मेलेल्यांनाच गुन्हेगार ठरवायला निमित्त मिळाले असते. आणि घरात आलेला कट्टा दंगलीची वाट पाहत नाही. तो उधारीच्या, जागेच्या, भाऊबंदकीच्या भांडणात निघतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक कट्ट्याचा तपास खिशापाशी न थांबता भट्टीपर्यंत जावा आणि त्यासाठी दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी मिळून काम करावे. ज्याला खरोखर धोका आहे त्याने परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. नकार मिळाला तर कारणे लेखी मागावीत आणि अपील करावे. हे दोन्ही हक्क कायद्यात आहेत.

दुसरी जबाबदारी आपली. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्याचे टोक हातात धरावे, कोणाला इजा होऊ नये, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. शस्त्राची जबाबदारी ते बाळगणाऱ्यावर आहे, हे आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले. विकणारा जे विचारत नाही, ते दोस्ताने विचारायचे आहे: कशाला हवा, कोणावर राग आहे, भांडण मिटवायला कोणाला बोलावू? त्याच्या रीलला लाइक देण्याआधी त्याला फोन करा. त्याच्या अम्मीला जमानतीसाठी वकील शोधत फिरावे लागण्यापेक्षा तुमचे दोन कडू शब्द त्याला परवडतील.