कासला कॅराव्हॅन आली, तर मुक्कामाला कुठं लावायची?

सातारा : सप्टेंबर लागला की कास पठारावर फुलं बघायला गर्दी लोटते. त्यात आता कॅराव्हॅनचा विषय आहे. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. झोपणं, स्वयंपाक, संडास सगळं गाडीतच. राज्य सरकारने २०२१ मध्ये यासाठी वेगळं धोरणच आणलंय.

गाडी झकास, पण खरा प्रश्न मुक्कामाचा. पश्चिम घाटातलं कास २०१२ पासून जागतिक वारसा आहे. साडेआठशेच्या आसपास जातींच्या वनस्पती इथं आहेत. जांभ्या खडकावर मातीचा थर मात्र जेमतेम. जड गाडी त्यावर चढली की माती दबते, बी रुजत नाही. शिवाय गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी कुठं करणार? पठाराखालीच कास तलाव आहे आणि सातारा शहर त्याचं पाणी पितं.

पठाराची व्यवस्था आसपासच्या गावांच्या वन समित्या बघतात. तिकीट, पार्किंग, गाईड यातून पोरांना हंगामात काम मिळतं. पण कॅराव्हॅनवाला खाणं-झोपणं गाडीतच उरकणार असेल, तर गावाच्या पदरात काय?

उत्तर धोरणातच आहे. खासगी जागेतही कॅराव्हॅन पार्क करता येतं. पठार आणि तलावापासून लांब, रीतसर परवानगी घेऊन गावातच जागा द्यावी. पाणी, वीज, मैल्याची सोय करावी, भाडं घ्यावं. पिठलं-भाकरीचं गिऱ्हाईकही तिथंच मिळेल. गाडी खाली लावून पाहुण्यांनी फुलं पायी बघावीत.

ग्रामसभेत हे हंगामाआधीच ठरवलेलं बरं. आपण गप्प बसलो, तर बाहेरचा कुणीतरी जागा धरेल आणि कचरा तेवढा गावाला राहील.