बाइकच्या चाकाचं बॅलन्सिंग कुणी करायचं?

मंडळी, कारचा टायर बदलला की दुकानदार स्वतःहून विचारतो, "बॅलन्सिंग करायचं ना?" बाइकवाल्याला कुणी विचारत नाही. टायर उचकटला, नवा ठोकून बसवला, हवा भरली, द्या पैसे. मागे बायको, टाकीवर पोरगं आणि हायवेला हँडल थरथरतंय. दोष मात्र खड्ड्यांचा. (खड्डे आहेतच, ते वेगळं.)

रविवारी पुढचं चाक मी घरीच केलं. साबणाचं पाणी, दोन टायर लिव्हर, रिमला ओरखडे नकोत म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे. टायरवरचा बाण फिरायच्या दिशेने. मग ॲक्सल दोन स्टुलांवर टेकवून चाक मोकळं सोडलं. जड बाजू आपोआप खाली येते. तिच्या बरोबर समोर, वरच्या अंगाला शिशाचं वजन चिकटवायचं, चाक कुठेही थांबेपर्यंत. मशीन लागत नाही. कुठल्याही पंक्चरवाल्याला जमेल, पण आपण मागतच नाही!

आणि टायरवरचा चार आकडी शिक्का वाचूनच पैसे द्या. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. 'नवाकोरा' म्हणून तोच गळ्यात मारतात. पीयूसीसाठी अडवणारे गोटा झालेल्या टायरकडे कधी बघणार, हेही विचारायला हवं.