शाळेची परीक्षा आणि मुलाला शिक्षा

शाळा आहे म्हणजे शिक्षण आहे, असे गृहीत धरून आपल्या देशाचा कारभार पुष्कळ वर्षे चालला. इमारत उभी राहिली, हजेरीपटावर नावे चढली, की सरकार आपले कर्तव्य संपले असे मानते. परंतु ज्या घरात अक्षर ओळखणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या घराच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळा आहे. मूल शाळेतून बाहेर पडते तेव्हा त्याला काय येते? आणि काही येत नसेल, तर त्याचा जाब कोणी द्यायचा? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्न जुना आहे. १९२७ च्या मार्च महिन्यात मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणखर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारपुढे एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत बुडतात. शाळेत शिरलेले प्रत्येक मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. दाखल्यांची संख्या दाखवून सरकारला सुटू न देता त्यांनी फळाचा हिशेब विचारला, आणि तो विचारला विधिमंडळात, खर्च मंजूर होण्याच्या वेळी. शाळेच्या मोजमापाची योग्य जागा कोणती, हे यावरून ध्यानात यावे.

आता आजचा कायदा पाहू. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला. त्यासाठीचा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ ने चांगल्या दर्जाचे शिक्षण मिळेल याची खात्री करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. पण चांगला दर्जा म्हणजे काय? कलम म्हणते, अनुसूचीतील मानके. अनुसूची उघडावी तर तीत शिक्षकांची संख्या आहे, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि कुंपण आहे. पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास आहेत. या गोष्टी आवश्यक आहेत यात शंका नाही. ज्यांना एके काळी शाळेच्या पडवीत बसविले, त्यांच्या वंशजांना वर्गखोलीचे मोल कोणी शिकवायला नको. तथापि इतके तास बसलेल्या मुलाला अखेर वाचता यावे, असे एकही वाक्य त्या अनुसूचीत नाही.

मोजमाप होत नाही असे मात्र नाही. केंद्र सरकारने २०१७ व २०२१ साली राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण केले. २०२१ च्या सर्वेक्षणात सुमारे ३४ लक्ष विद्यार्थी होते. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीच्या मुलांची अशीच पाहणी झाली. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून ग्रामीण घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावतो. त्याच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीतील १०० मुलांपैकी साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता येतो. २०२२ च्या मानाने ही सुधारणाच आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण उरलेली ७७ मुले कोणाची, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. ज्याला ऐपत आहे त्याने आपले मूल सरकारी शाळेतून केव्हाच काढून नेले आहे.

मोजपट्टी कोणाच्या हाती आहे यावरही पुष्कळ अवलंबून असते. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१७-१८ पासून राज्यांना १००० पैकी गुण देण्याची पद्धत सुरू केली. तीत कारभाराच्या प्रक्रियेला ३६० गुण होते. मुले काय शिकली याला १८०, म्हणजे बरोबर निम्मे. या मापाने २०२०-२१ साली महाराष्ट्राला, केरळ व पंजाबच्या बरोबरीने, ९२८ गुण मिळाले. पुढील वर्षी माप बदलून शिकण्याचे वजन वाढविले, तेव्हा वरच्या पाच श्रेणींत देशातील एकही राज्य बसू शकले नाही. एका वर्षात साऱ्या देशाच्या शाळा काही कोसळल्या नव्हत्या. बदलली ती मोजपट्टी. जो मोजणार आणि ज्याचे मोजायचे तो एकच असला, म्हणजे असे होते.

यावर कोणी म्हणेल, मग निकालावरच अनुदान आणि पगार ठरवा. हा उपाय इंग्लंडने १८६२ च्या सुधारित संहितेने करून पाहिला. निरीक्षकापुढे मूल वाचन, लेखन व गणितात उतरले तर शाळेला पैसा, नाही तर कपात. शिक्षक तेवढेच तीन विषय घोकून घेऊ लागले, आणि स्वतः शाळानिरीक्षक असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनीच त्या पद्धतीवर टीका केली. शतक संपण्यापूर्वी ती सोडून द्यावी लागली. दुबळ्या शाळेचा पैसा कापल्याने ती अधिक दुबळी होते. आपल्याकडेही २०१७ साली, पट कमी म्हणून दर्जा कमी, या युक्तिवादाने महाराष्ट्रातील तेराशेहून अधिक लहान शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठविण्याचे ठरले होते. शाळा आजारी आहे म्हणून वस्तीतून शाळाच उचलायची, हा न्याय नव्हे.

याहून गंभीर गोष्ट २०१९ ची दुरुस्ती होय. मूळ कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येत नव्हते. दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आणली. नापास मुलाला जादा शिकवणी देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यावी, आणि तीतही ते उतरले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा सरकारांना दिली. महाराष्ट्राने २०२३ साली आपले नियम त्यानुसार बदलले. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण पाच वर्षांत ज्या शाळेने वाचायला शिकविले नाही, तिच्या अपयशाचा शेरा दहा वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर उमटावा, हा कोठला न्याय? कर्ज सरकारने बुडविले आणि जप्ती मुलावर आली! शेतमजुराचे मूल एकदा मागे राहिले की त्याची पाटी सुटते, हा अनुभव गावोगावचा आहे.

मग बापाने दाद मागावी कोठे? कलम ३२ प्रमाणे तक्रार द्यायची ती स्थानिक प्राधिकरणाकडे; त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा. ग्रामीण भागात शाळा चालविते ती जिल्हा परिषद, आणि स्थानिक प्राधिकरण म्हणजेही जिल्हा परिषदच. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे न्यायशास्त्राचे पहिले सूत्र येथे धाब्यावर बसविले आहे. राज्य बालहक्क आयोगाकडे अपील आहे खरे. पण वाचता न येणे हा भंग आहे असे अनुसूचीच म्हणत नसता अपिलात मांडायचे तरी काय?

येथे विधिमंडळाचे काम सुरू होते, आणि त्याची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीपासून शिक्षण समवर्ती सूचीत आहे. कायदा करण्याचा अधिकार संसद व राज्य दोघांनाही आहे. परंतु अधिकार म्हणजे लहर नव्हे. तामिळनाडूने २०१० साली सर्व मंडळांसाठी समान अभ्यासक्रमाचा कायदा केला. २०११ मध्ये सत्ता बदलली आणि पुस्तके छापून झालेली असता नव्या सरकारने तो पुढे ढकलणारी दुरुस्ती आणली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. बहुमत आहे म्हणून दरवर्षी पुस्तक बदलता येत नाही, हा त्याचा बोध. काय शिकवावे व कसे शिकवावे हे जाणकारांनी ठरवावे. कलम २९ त्यांना संविधानाच्या मूल्यांनी बांधते, तेवढे बंधन पुरेसे आहे. पण प्रत्येक मुलाला किमान काय मिळालेच पाहिजे आणि न मिळाल्यास उत्तर कोणी द्यावे, हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे. ते खात्याच्या परिपत्रकांवर सोडता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. तिसरी अखेर वाचन, लेखन व साधे गणित येणे हे किमान मानक अनुसूचीत घालावे. मोजमाप शिक्षण खात्याहून स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावे. त्याचा जिल्हावार अहवाल, अनुसूचित जाती, जमाती व मुलींचे आकडे वेगळे दाखवून, दरवर्षी शिक्षणखर्चाच्या चर्चेपूर्वी विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक करावे. जेथे मानक गाठले जात नाही तेथे जादा शिक्षक व जादा पैसा देण्याचे बंधन सरकारवर असावे. मुलाला मागे ठेवण्याची तरतूद काढून टाकावी. आणि तक्रारीचा निर्णय शाळा चालविणाऱ्याकडे राहू नये.

कायदा होईपर्यंत आपणही स्वस्थ बसता कामा नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा द्याव्या लागतात, हे कलम २१ आजही सांगते. त्या जागा घ्या. सभेत पोषण आहाराचा हिशेब विचारता, तसा वाचनाचाही विचारा. किती मुले आली हे शिक्षकाने सांगितल्यावर, किती मुलांना वाचता येते, हा प्रश्न त्याच बैठकीत झाला पाहिजे आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घेतले पाहिजे. लेखी उत्तर हा पुरावा असतो, आणि पुराव्यावाचून हक्क सिद्ध होत नाही.