धांगडधिंगा म्हणण्यापूर्वी

रेणापूरहून लातूरला शिकवणीसाठी एस.टी.ने ये-जा करणाऱ्या तरुणांच्या कानांत हिंदी चित्रपटगीते वाजतात, भीमगीते वाजतात आणि थोड्यांच्या कानांत रॉकही वाजते. हे थोडे तरुण आपापसांत बोलतात तेव्हा समीक्षेचा आव आणीत नाहीत. पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ फार रडतो, ‘द क्लॅश’चा ‘सँडिनिस्टा!’ निम्मा गाळला असता तरी चालले असते, ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’ मात्र रात्री दिवा मालवून ऐकावा, अशी ही सहज मते. चळवळीतील वडीलधारी मंडळी या साऱ्याची बोळवण ‘पाश्चात्त्य धांगडधिंगा’ एवढ्यावर करतात. मुलांच्या मतांमागे निदान ऐकण्याचे श्रम तरी असतात.

‘कंदिसा’चेच पाहावे. २००० साली निघालेल्या या अल्बममधील ‘हिले ले’चे शब्द गोरख पांडे यांचे. भोजपुरी मुलखातील भूमिहीनांच्या लढ्यांना गाणी देणारा हा कवी १९८९ साली गेला. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे परंपरागत गीत. वाद्यवृंदातील गायक-वादक राहुल राम अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले आणि १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाओ आंदोलनात राबले. म्हणजे अभ्यासशिबिरात जे पोचवण्यासाठी आपण धडपडतो, त्यातले काही त्या मुलाच्या कानात आधीच वाजत असते. आणि आपला कार्यकर्ता त्याला म्हणतो, ‘ते बंद कर.’

राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तमाशाचा बाज उचलला, पु. ल. देशपांडे यांनी त्यासाठी ‘पुढारी पाहिजे’ लिहिले, निळू फुले आणि राम नगरकर तेथे घडले. तमाशा हाही तेव्हाच्या पांढरपेशांच्या लेखी धांगडधिंगाच होता, याची आठवण असावी.

‘द वॉल’ रडतो हे खरेच. श्रीमंत गायकाचे ते आत्मदुःख आहे. तरीही १९८० साली दक्षिण आफ्रिकेत विषम शिक्षणाविरुद्ध उठलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यातलेच एक गाणे घोषणेसारखे वापरले आणि तेथील सरकारने त्यावर बंदी घातली. गाण्याचा अर्थ ऐकणाराही ठरवतो. ‘सँडिनिस्टा!’ बद्दलचे मतही चुकीचे नाही. परंतु त्याच साली निघालेल्या त्या तीन तबकड्या एकीच्या किमतीत विकता याव्यात म्हणून वादकांनी ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील मानधनावर पाणी सोडले होते. गीतातील क्रांतीपेक्षा हा हिशेब अधिक बोलका आहे.

असा हिशेब आज कोणी मांडत नाही. मासिक वर्गणी घेऊन गाणी ऐकवणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या जमलेली रक्कम एकत्र करतात आणि एकूण श्रवणसंख्येच्या प्रमाणात वाटतात. रेणापूरच्या मुलाने महिनाभर केवळ ‘कंदिसा’ ऐकला, तरी त्याच्या पैशाचा मोठा वाटा जाईल तो त्याने कधीही न ऐकलेल्या लोकप्रिय गायकांच्या मालकांकडे. देवीच्या नवरात्रात रात्र-रात्र गाणाऱ्या आराधिणी तर या वाटपाच्या खिजगणतीतही नाहीत.

तालुक्याच्या पुढील शिबिरात रात्रीचे एक सत्र या मुलांच्या हाती द्यावे. त्यांनी त्यांचे अल्बम लावावेत, कोणता का रटाळ तेही सांगावे. मग हा वाटपाचा हिशेब फळ्यावर मांडावा. ध्वनिक्षेपक तेवढा बरा आणावा लागेल. सभेतल्या कर्ण्यावर ‘कंदिसा’ ऐकवून मुलांची थट्टा ओढवून घेऊ नये.